दाट केसांचे न्हाणे : एक आढावा

मनमाडमध्ये मुलीला न्हाऊ घालण्याचा वार पंचांगात पाहून ठरविता येत नाही. तो नगरपालिकेच्या नळावर अवलंबून असतो, नळ वागदर्डीच्या तलावावर, तलाव पालखेड कालव्याच्या आवर्तनावर, आणि आवर्तन अखेर पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसावर. टंचाईच्या वर्षी दोन-दोन, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने नळाला पाणी आल्याचे या गावाने अनेकदा सोसले आहे, आणि मधल्या काळात विंधनविहिरीचे व टँकरचे पाणी हीच गृहस्थाची भिस्त राहिली आहे. करंजवण धरणातून थेट जलवाहिनीने पाणी आणण्याची योजना हाती घेतली गेली ती याच दुःखापायी. पाण्याचा हा इतिहास केसांच्या लेखात प्रारंभीच सांगण्याचे कारण असे की, ज्या मुलीचे केस दाट, लहरदार आणि पिंजारणारे आहेत, तिच्या केसांविषयी जे जे लिहिले व सांगितले जाते, त्यातील बहुतेक सर्व सल्ला पाण्याचा तुटवडा ज्यांनी कधी पाहिला नाही अशा लोकांनी दिलेला आहे.

माझी नात आठ वर्षांची आहे. तिच्या केसांचा एक पेड माझ्या मुठीत मावत नाही. ओले असताना ते कमरेपर्यंत येतात, वाळले म्हणजे आखडून पाठीच्या मध्यावर थांबतात, आणि पावसाळी हवेत तर त्यांना असा काही फुलोरा येतो की सकाळी चापून घातलेली वेणी दुपारी शाळा सुटेपर्यंत दुप्पट झालेली असते. घरात कोणी या केसांना काथ्या म्हणतो, शेजारणी कौतुकाने “काय गं बाई हे केस!” म्हणतात, आणि वर्गातली मुले तिला झिपरी म्हणतात. न्हाण्याचा दिवस आला की ती मोरीच्या दाराशी उभी राहून “आजी, आज नको ना,” एवढेच म्हणते. या चार शब्दांनी मला या प्रश्नाचा नीट छडा लावण्यास भाग पाडले. गेली तीन वर्षे मी वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारले, वैद्यांना व त्वचारोगतज्ज्ञांना विचारले, जे वाचण्याजोगे मिळाले ते वाचले, आणि स्वतःच्या हातांनी पडताळून पाहिले. त्या सर्वाचा हा आढावा आहे.

प्रथम केस म्हणजे काय ते पाहिले पाहिजे, कारण निम्मे अज्ञान तेथेच आहे. केस ज्या सूक्ष्म कोशिकेतून उगवतो ती सरळ असेल तर केस सरळ येतो, ती वाकडी असेल तर केसाला वळण येते आणि त्याचा आडवा छेद वर्तुळाकार न राहता लंबवर्तुळाकार होतो. केसाचा गाभा केराटिन नामक प्रथिनाचा असून त्यावर कौलांसारखे एकावर एक रचलेले पातळ खवले असतात. सरळ केसावर ही कौले नीट बसलेली राहतात. वळणाच्या जागी ती किंचित उचललेली असतात, आणि म्हणूनच असा केस शेजारच्या केसात अडकतो, हवेतील दमट वाफ चटकन शोषतो व फुगतो. टाळूची नैसर्गिक स्निग्धता सरळ केसावरून टोकापर्यंत सहज ओघळते, वळणावळणाच्या केसावरून मात्र ती मुळाशीच राहते. त्यात लहान वयात ही स्निग्धता मुळातच अल्प. तेव्हा एकाच मस्तकावर मुळे ठीक आणि टोके कोरडी, असा जो विलक्षण देखावा दिसतो तो आईच्या हयगयीचा पुरावा नसून केसाच्या घडणीचा परिणाम होय. शिवाय केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो हे ध्यानात घेतले, म्हणजे पाठीवर रुळणाऱ्या वेणीचे टोक मनमाडचे तीन उन्हाळे सोसून आलेले असते, हेही उमगेल. टोक हा केसाचा सर्वांत जुना भाग आहे, आणि त्याला जुन्या वस्तूसारखेच हाताळावे लागते.

आपल्याकडे दोन समजुती फार खोल रुजलेल्या आहेत. पहिली जावळाविषयी. चौल हा संस्कार म्हणून ज्याला करावयाचा त्याने तो अवश्य करावा. परंतु गोटा केल्याने केस दाट येतात, किंवा उलट “दोनदा गोटा करा म्हणजे हे राठ केस जाऊन मऊ येतील”, या दोन्ही म्हणण्यांना आधार नाही. मस्तकावरील सुमारे एक लक्ष केशमुळे जन्मापूर्वीच ठरलेली असतात आणि वस्तऱ्याला त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही. वस्तऱ्याने कापलेले टोक बोथट असते म्हणून नवा केस हाताला जाड लागतो, इतकेच. दुसरी समजूत अशी की केस पिंजारतात ते मुलीच्या अंगातील उष्णतेमुळे. आयुर्वेदाने वातप्रकृतीच्या लक्षणांत रुक्ष केसांची गणना केली आहे आणि स्निग्ध अभ्यंग सांगितले आहे. तो विचार निरीक्षणाला धरून आहे आणि त्याचा रोख कोरडेपणावर आहे. उष्णता उतरविण्यासाठी मुलीला जे जे काढे पाजले जातात त्यांचा केसाच्या वळणाशी काहीएक संबंध मला आढळला नाही. पुढे वयात येताना केसांचा पोत पुष्कळदा आपणहून पालटतो, सरळ केस कुरळे होतात आणि क्वचित् उलटही घडते. त्याचे श्रेय किंवा दोष कोणत्याही काढ्याला देऊ नये.

आता पाण्याकडे वळते, कारण आमच्या गावी सगळ्याचे मूळ तेथे आहे. दख्खनच्या काळ्या कातळातून उपसलेले विंधनविहिरीचे पाणी बहुधा जड असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्यात साबण लावला म्हणजे फेस होण्याऐवजी क्षार व साबण यांचा चिकट, न विरघळणारा गाळ तयार होतो, बादलीच्या कडेला जो पांढुरका थर बसतो तोच केसांवरही बसतो, आणि आधीच उचललेल्या खवल्यांना आणखी खरखरीत करतो. अंगाचा साबण केसांना लावण्याचा शिरस्ता आमच्याकडील असंख्य घरांत आजही आहे, आणि या एका गोष्टीने जितके नुकसान होते तितके दुसऱ्या कशानेही होत नसावे असे माझे मत झाले आहे. उलटपक्षी आमच्या आज्या ज्या शिकेकाईने व रिठ्याने न्हात, त्यांतील फेस आणणारे द्रव्य क्षारांशी असे सख्य करीत नाही; जड पाण्यातही ते आपले काम करते, आणि शिकेकाई किंचित आम्लधर्मी असल्याने खवले मिटलेले राहण्यास तिची मदतच होते. तेव्हा या दुष्काळी मुलखात शिकेकाई टिकली ती केवळ परंपरेच्या अभिमानाने टिकली नाही. तिचा दोष एकच आणि तो लहान मुलांच्या बाबतीत मोठा आहे: तिची पूड दाट केसांत अडकून बसते, ती काढण्यास भरमसाट पाणी लागते, आणि डोळ्यांत गेली तर मूल पुढच्या वेळी मोरीत पाऊल टाकीत नाही. यावर तोड अशी की पूड केसांना न लावता शेंगा रात्री भिजत घालाव्या, सकाळी उकळून, कुस्करून, पंच्यातून गाळून घ्याव्या, आणि तो गाळलेला काढाच काय तो वापरावा.

तेलाच्या बाबतीत वडीलधाऱ्यांचा पक्ष बलवान आहे, पण सर्वस्वी नव्हे. मुंबईच्या आरती रेळे व मोहिले या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. तीत धुण्यापूर्वी वा धुतल्यानंतर लावलेल्या खोबरेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी होते, इतर दोन तेलांनी होत नाही, असे आढळले. हे संशोधक तेलाच्या धंद्यातील एका कंपनीत होते ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. तथापि त्यांनी दिलेले कारण पटण्याजोगे आहे, की खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो आणि खनिज तेल पृष्ठभागावरच राहते. बाजारातील अनेक सुवासिक, पाण्यासारख्या पातळ ‘हेअर ऑइल’च्या बाटलीवरील बारीक अक्षरे वाचून पाहावी, त्यांत खनिज तेलच मुख्य असल्याचे पुष्कळदा दिसते. न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल लावावे, तेही टाळूवर थापण्यापेक्षा केसांच्या मधल्या व शेवटच्या भागाला अधिक, हे माझ्या अनुभवास आले आहे. रोज डोके तेलाने निथळत ठेवून वर शाळेच्या मैदानाची धूळ घेऊ देणे मात्र बरोबर नाही. त्या तेलाधुळीचा राप काढण्यासाठी मग पुन्हा जास्त साबण व जास्त पाणी, असे चक्र सुरू होते.

मनमाड हे जंक्शन आहे, आणि जंक्शनच्या गावात केसांच्या चालीरीतीही गाडी बदलावयास उतरतात. १८७८ साली दौंडची लाईन येथे येऊन मिळाली, पुढे गोदावरीच्या खोऱ्यातून निजामाच्या मुलखात जाणारी निघाली, १९०६ साली पुलांचे गर्डर बनविणारा रेल्वेचा कारखाना उभा राहिला, आणि त्यांच्याबरोबर दूरदूरच्या प्रांतांतली कुटुंबे रेल्वेच्या चाळींत वस्तीस आली. माझ्या लहानपणी शेजारच्या तेलुगू आजी जास्वंदीची पाने पाण्यात चुरून जो बुळबुळीत रस काढीत आणि त्याने नातींची डोकी धूत, तो रस आजच्या कंडिशनरचे काम करीत होता हे मला साठ वर्षांनी कळले. कंडिशनरमध्ये असे द्रव्य असते की ते झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागाला विद्युत्भारामुळे चिकटून बसते व खवले गुळगुळीत करते; जास्वंद, कोरफड, भिजवलेली मेथी, जवस यांचा चिकट रस केसांवर पातळ लेप देऊन गुंता सैल करतो. कार्य तेच, मार्ग निराळा.

याहूनही मोठा धडा मला गुप्तसर साहिब गुरुद्वाराच्या अंगणात मिळाला. नांदेडच्या हुजूर साहिबला जाणारे यात्रेकरू येथे उतरतात, लंगरात जेवतात, आणि सकाळच्या वेळी अंगणाच्या कडेला आया आपल्या लहान मुलांचे केस विंचरताना दिसतात. ज्या धर्माने केस कापावयाचे नाहीत असे सांगितले, त्याच धर्माने कंगवाही पाच ककारांत समाविष्ट केला आणि तो जवळ बाळगण्याची व रोज केस विंचरण्याची शिस्त घातली. केस राखावयाचे, परंतु त्यांची जटा होऊ द्यावयाची नाही, हा त्या व्यवस्थेतला अत्यंत डोळस विचार आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाचे, माझ्या नातीपेक्षाही दाट केस, त्याची आई टोकापासून सुरुवात करून, एकेक बट मुठीत धरून, वरवर चढत विंचरीत होती. मूल हातातला पराठा खात होते आणि एकदाही ओरडले नाही. मग तिने डोक्यावर जुडा बांधला आणि वर पटका चढविला. मी आयुष्यभर भांगापासून खाली कंगवा ओढीत आले होते, म्हणजे वरचा प्रत्येक गुंता खालच्या गुंत्यावर नेऊन आवळीत आले होते, हे त्या एका सकाळी माझ्या ध्यानी आले.

बाजाराच्या पक्षाविषयी थोडक्यात लिहिते. केस सरळ करून देणारी जी रसायने पार्लरमधून लावली जातात, ती केसाच्या आतील रासायनिक बंध तोडतात. ‘केराटिन’ नावाने चालणाऱ्या कित्येक प्रकारांत तापविल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो, आणि त्या वायूस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली मनुष्यात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातले आहे. आमच्या नात्यातल्या एका दहा वर्षांच्या मुलीचे केस लग्नाच्या हौसेपायी असे सरळ करण्यात आले. टाळूला भाजल्याचे चट्टे उठले, आणि चार महिन्यांत मुळाकडून पुन्हा तेच वळण उगवले. मुलांच्या डोक्याला ही रसायने लावू नयेत, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. रोज तापत्या इस्त्रीने केस सपाट करणे हेही त्याच जातीचे.

उवा आणि खवडे या दोन गोष्टी दाट केसांत उशिरा दिसतात म्हणून त्यांचा उल्लेख करणे भाग आहे. उवा स्वच्छ डोक्यातही होतात. त्यात लाजण्याजोगे काही नाही. औषध लावले तरी लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, यास्तव आठ-दहा दिवसांनी ते पुन्हा लावावे लागते, आणि ओल्या केसांत कंडिशनर लावून बारीक दातांच्या फणीने बटाबटांनी विंचरणे हा त्यावरील प्रामाणिक इलाज होय. टाळूवर गोल चट्टा पडून केस तुटत असतील तर तो बुरशीचा विकार असण्याचा संभव असतो. त्यास वरून लावण्याच्या मलमाने पुरत नाही, पोटात औषध घ्यावे लागते, म्हणून डॉक्टरांना दाखवावे. फार घट्ट, वर ओढून बांधलेल्या वेण्यांनी कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात हेही दृष्टीआड होऊ नये.

आता प्रत्यक्ष न्हाण्याची तजवीज. मोठ्या बादल्या दोन, त्याहून अधिक नाही, हा हिशेब मी आमच्या गावाच्या पाण्यावरून घातला आहे. एक बादली विंधनविहिरीच्या पाण्याची चालेल. दुसरी मात्र नळाच्या पाण्याची, अथवा पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हाळीखाली धरलेल्या पाण्याची राखून ठेवावी आणि ती अगदी शेवटी वापरावी, म्हणजे अखेरचे पाणी हलके असते व क्षारांचा थर केसांवर राहत नाही. आदल्या रात्री तेल लावून बोटांनीच मोठे गुंते सोडवावे. कोरड्या, बिनतेलाच्या केसांत कंगवा कधीही घालू नये. सकाळी शिकेकाईचा काढा, किंवा सौम्य शाम्पू असल्यास चमचाभर शाम्पू तांब्याभर पाण्यात मिसळून, फक्त टाळूला लावावा. ओघळणारा फेस टोकांना पुरेसा होतो. मुलीने मान मागे टाकावी, कपाळावर कोरडा पंचा दुमडून धरावा, म्हणजे डोळे वाचतात. नंतर जास्वंदीचा रस वा कंडिशनर मधल्या व खालच्या केसांना लावून, केसांचे चार भाग करून, रुंद दातांच्या कंगव्याने टोकापासून वर विंचरावे. सारा गुंता येथेच, ओलाव्यात व बुळबुळीतपणात सुटतो, आणि मगच राखलेल्या बादलीचे पाणी ओतावे. जाड टॉवेलने खसाखसा पुसणे हे खवले उलटे घासणे होय. त्याऐवजी जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचा तुकडा गुंडाळून पाणी टिपून घ्यावे, आणि केस अर्धवट ओले असतानाच सैल वेणी घालावी, म्हणजे वाळताना ते फुलून पसरत नाहीत. रात्री उशीवर तोच मऊ कपडा अंथरावा. मोरीतले सांडपाणी आम्ही वेगळ्या बादलीत धरतो. ते संडासात ओतण्यास कामी येते.

असे न्हाणे दहा-बारा दिवसांतून एकदा झाले तरी या जातीच्या केसांना पुरते. रोज केस धुणे सरळ व तेलकट केसांना मानवत असेल, दाट लहरदार केसांना ते बाधतेच. म्हणजे मनमाडच्या नळाने आमच्यावर जे बंधन घातले ते या एका बाबतीत केसांच्या प्रकृतीशी जुळणारे निघाले. पाणीटंचाईचे समर्थन म्हणून मी हे सांगत नाही, पण सत्य ते सांगितले पाहिजे.

सर्वांत अवघड भाग पाण्याचा नाही, बोलण्याचा आहे. सात वाजता शाळेची घंटा, साडेसहाला वेणी, चुलीवर चहा उतू जात असलेला, आणि आई किंवा आजी मुलीच्या डोक्यात कंगवा रुतवून “काय हे केस, कापूनच टाकू एकदाचे” म्हणत असलेली, हे चित्र मी इतक्या घरांत पाहिले आहे, आणि माझ्या घरातही होऊ दिले आहे, की त्याबद्दल मला खंत वाटते. एका शाळेतल्या बाईंनी माझ्या नातीला वर्गासमोर उभी करून “उद्या हे केस नीट करून ये, नाहीतर कापून ये” असा हुकूम दिला. मुलगी दोन दिवस जेवली नाही. दोन वेण्या व रिबिनी हा शाळेचा नियम मला मान्य आहे. परंतु तिच्या केसांचा फुलोरा हा तिचा कसूर नाही, ही समज शिक्षकांना असली पाहिजे. सूनबाईने तोड काढली ती अशी की, रात्रीच दोन सैल वेण्या घालून ठेवावयाच्या आणि सकाळी केवळ वरचा भाग ओल्या हाताने बसवून रिबिनी बांधावयाच्या. तेव्हापासून सकाळचा आक्रोश थांबला आहे.

या साऱ्या प्रश्नाची एक भयानक बाजू महाराष्ट्राने पाहिली आहे, आणि तिच्यावाचून हा आढावा अपुरा राहील. दाट, राठ केस वेळेवर विंचरले गेले नाहीत, मळ व घाम त्यांत साठला, तर उचललेले खवले परस्परांत असे रुततात की ओल्या लोकरीचा दाबून नमदा व्हावा तसा केसांचा गठ्ठा होतो. त्यालाच जट म्हणतात. त्याचे कारण एवढे साधे असता, जट आली म्हणजे देवीचे बोलावणे आले, ती कापली तर घरावर कोप होईल, अशी भीती पिढ्यान् पिढ्या घातली गेली, आणि या भीतीपायी कोल्हापूर-बेळगावच्या पट्ट्यात कित्येक कोवळ्या मुली सौंदत्तीच्या यल्लम्मेला सोडल्या गेल्या. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली कायदा केला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जटनिर्मूलनाचे काम हाती घेतले, आणि पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी, ज्या पूर्वी ब्युटी पार्लर चालवीत, शंभराहून अधिक स्त्रियांना समजावून, धीर देऊन, त्यांच्या जटा स्वतःच्या हातांनी कापल्या. वर्षानुवर्षे मानेवर ओझे वाहिलेल्या, ज्यांना कुशीवर नीट झोपता येत नव्हते, अशा स्त्रिया त्यांत होत्या. कात्रीचा उपयोग कोणता, हे मला कोणत्याही सौंदर्यतज्ज्ञापेक्षा या कार्याने अधिक शिकविले.

म्हणून वाचक भगिनींना व बांधवांना एक विनंती आहे. आज रात्री मुलीच्या मानेच्या वर, उशीला घासणाऱ्या जागी, बोटे घालून पाहा; जट धरते ती प्रथम तेथे. गाठ लागली तर रागावू नका, देवाला कौल लावू नका. खोबरेल चोळा, बोटांनी सोडवा, टोकाकडून विंचरा. तरीही सुटली नाही तर तेवढा भाग निःशंकपणे कापा. केस महिन्याला एक सेंटीमीटर वाढतात.